संमतीच्या घटस्फोटात मुलांच्या भेटींचे वेळापत्रक कसे लिहावे

परस्पर संमतीने घटस्फोट घेणारी जोडपी कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी मान्य करून न्यायालयात द्यायच्या लेखी अटी, लिहिताना पोटगी, घर आणि दागिने यांवर आठवडेच्या आठवडे घालवतात आणि मुलांविषयी मात्र ‘ताबा आईकडे राहील व वडिलांना वाजवी भेटीचा अधिकार असेल’ एवढे एकच वाक्य लिहून मोकळी होतात. पुढची बहुतेक भांडणे या ‘वाजवी’ शब्दावरूनच पेटतात, आणि ती मुलाच्या देखत होतात. म्हणून हा भाग सर्वांत तपशिलाने लिहावा.

आधी कायद्याची चौकट पाहू. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 26 नुसार न्यायालय मुलांचा ताबा, खर्च आणि शिक्षण यांविषयी आदेश देते आणि परिस्थिती बदलल्यास तो नंतर बदलूही शकते. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असे 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचे कलम 6 सांगते. मात्र त्याच कायद्याच्या कलम 13 नुसार मुलाचे हित सर्वांत वरचे मानले जाते. मूल जाणते असेल तर त्याचे मतही न्यायालय विचारात घेते. ‘संयुक्त ताबा’, म्हणजे मुलाचा ताबा आई-वडील दोघांकडे मिळून असणे, कायद्यात आणावा, अशी शिफारस विधी आयोगाने मे 2015 मधील 257 व्या अहवालात केली होती. तसा कायदा झालेला नाही, तरीही दोघांच्या संमतीने तशी व्यवस्था लिहिता येते. ताबा एकाकडे गेला म्हणून दुसऱ्याचे पालकपण संपत नाही. जमिनीसाठी वापरला जाणारा हा ‘ताबा’ शब्द मुलांसाठी वापरताना मला नेहमीच खटकतो.

आता वेळापत्रक. वार, वेळ, जागा, आणणारा कोण, पोहोचवणारा कोण आणि उशीर झाल्यास किती वेळ थांबायचे, हे सारे लिहावे. हे न लिहिल्यास काय होते, ते शनिवारी संध्याकाळी कोणत्याही सोसायटीच्या फाटकापाशी दिसते: मूल पाठीला दप्तर लावून पायरीवर बसलेले असते, एक जण वर गॅलरीत आणि दुसरा खाली गाडीपाशी उभा राहून ‘सहा ठरले होते, सात नाही’ असे फोनवर म्हणत असतो, आणि मूल खाली मान घालून बुटाची नाडी पुन्हा पुन्हा बांधत असते. शक्य असल्यास शुक्रवारी एकाने शाळेतून न्यावे आणि सोमवारी थेट शाळेत सोडावे. मग फाटकापाशी गाठ पडण्याचा प्रसंगच येत नाही. ‘एकाआड एक शनिवार’ असे लिहायचे असेल तर सुरुवातीची तारीख घालावी. ‘पहिला व तिसरा’ असे लिहायचे असेल तर पाचव्या शनिवारचे काय, तेही लिहावे. दोन वर्षांच्या मुलासाठी पंधरवडा फार मोठा असतो, म्हणून लहानग्यांच्या भेटी थोड्या वेळाच्या पण वरचेवर असाव्यात. इतर दिवशी फोन किंवा व्हिडिओ कॉल किती वाजता, हेही नोंदवावे.

सणांचे वाटप ‘अर्धे-अर्धे’ असे लिहून भागत नाही. गणपती वडिलांच्या घरी बसत असेल तर प्रतिष्ठापनेचा दिवस तिकडे आणि लक्ष्मीपूजन आईकडे, अशी स्पष्ट नोंद करावी, आणि बहीण-भाऊ वेगवेगळ्या घरी राहत असतील तर भाऊबीजेला दोघे कोणत्या घरी एकत्र येणार, हे न विसरता लिहावे. मे महिन्याच्या सुट्टीसाठी तारखा घालाव्यात आणि शाळा उघडण्याच्या चार दिवस आधी मूल परत येईल, असे ठरवावे.

फी, शाळेची बस, क्लास आणि औषधपाणी यांचा खर्च कोण, कोणत्या तारखेपर्यंत भरणार, हे स्वतंत्र कलमात यावे. पोटगी थकली म्हणून भेट अडवू नये आणि भेट मिळाली नाही म्हणून पोटगी थांबवू नये. दोन्हींसाठी न्यायालयात दरखास्त (आदेशाची अंमलबजावणी करून मागणे) किंवा अर्ज करता येतो. शाळा बदलणे, शस्त्रक्रिया, पासपोर्ट आणि दुसऱ्या शहरात जाणे यांसाठी किती दिवस आधी लेखी कळवायचे, तेही ठरवावे.

घरात मारहाण झालेली असेल तर मात्र भिडेपोटी मोकळ्या भेटींना संमती देऊ नये. देखरेखीखालील भेट मागता येते. कौटुंबिक हिंसाचार कायदा, 2005 च्या कलम 21 नुसार भेट मुलाला अपायकारक ठरेल असे वाटल्यास दंडाधिकारी ती नाकारूही शकतात. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, आणि मसुद्यावर एकमत होत नसेल तर कौटुंबिक न्यायालयातील विवाह समुपदेशकांसमोर बसून बोलता येते.

सही करण्यापूर्वी दोघांनी एकमेकांना न दाखवता पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरवर या मसुद्याप्रमाणे मुलाचे दिवस खुणावेत. ज्या तारखांवर दोघांच्या खुणा जुळणार नाहीत, त्या तारखांची कलमे वकिलांकडून पुन्हा लिहून घ्यावीत आणि मगच सही करावी.