द्रावण, निलंबन, कलिल: हा धडा पहिल्यांदा घेणाऱ्या शिक्षकांसाठी

हा धडा शिकवायला सोपा वाटतो, आणि तिथेच गोची आहे. तीन नावं, तीन व्याख्या, एक तक्ता. अर्ध्या तासात फळा भरतो, मुलं उतरवून घेतात, परीक्षेत बरोबर लिहितातही. मग त्याच मुलांपुढे निळंशार पाणी भरलेलं चंचुपात्र ठेवा आणि विचारा, हे काय? बरीच मुलं ठामपणे ‘कलिल’ म्हणतात. का, तर रंग आहे ना! असतं ते मोरचुदाचं साधं द्रावण. पारदर्शक आणि रंगहीन या दोन गोष्टी मुलांच्या डोक्यात एकच असतात. त्या आधी सोडवल्या नाहीत, तर पुढचा सगळा प्रयोग पाण्यात.

इतकी वर्षं हा धडा घेऊन माझं एक मत पक्कं झालंय. हा धडा पदार्थांच्या यादीचा नाही, कणांच्या आकाराचा आहे. ‘मीठ म्हणजे द्रावण, खडू म्हणजे निलंबन, दूध म्हणजे कलिल’ असं एकदा पाठ झालं की मूल विचार करायचं थांबतं. पाण्यात पसरलेला कण साधारण 1 नॅनोमीटरपेक्षा लहान असेल तर द्रावण, 1 ते 1000 नॅनोमीटरच्या मधला असेल तर कलिल, त्याहून मोठा असेल तर निलंबन. काही पुस्तकांत कलिलाची वरची सीमा 100 नॅनोमीटर दिलेली दिसेल. त्यावरून मुलांशी वाद घालत बसू नका. सीमारेषा आपण सोयीसाठी आखल्या आहेत, आणि रेषेच्या आसपासचे नमुने दोन्हीकडचे गुण दाखवतात.

थॉमस ग्रॅहॅम या रसायनशास्त्रज्ञाने 1861 साली अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून सहज पार होणारे पदार्थ आणि न होणारे पदार्थ अशी विभागणी केली, तेव्हा त्यानेही ती पदार्थांचीच विभागणी मानली होती. पुढे लक्षात आलं की एकच पदार्थ दोन्ही रूपांत मिळू शकतो. म्हणजे आपल्या मुलांची समजूत चुकीची असली तरी तिला चांगला पूर्वज आहे.

आता टेबलावर काय मांडायचं ते. द्रावणासाठी साखर आणि मोरचूद, एक रंगहीन आणि एक रंगीत. मीठ घेतलंत तर प्रयोगशाळेतलं शुद्ध मीठ घ्या. स्वयंपाकाच्या मिठात ते मोकळं राहावं म्हणून काही न विरघळणारे पदार्थ मिसळलेले असू शकतात, आणि पाणी किंचित गढूळ दिसतं. मोरचुदासाठी ऊर्ध्वपातित पाणीच हवं. नळाचं पाणी जड असेल तर तांब्याचा अगदी बारीक अवक्षेप, म्हणजे न विरघळणारा गाळ, तयार होतो, मग त्यात प्रकाशाचा झोत दिसायला लागतो आणि मुलं बरोबर निरीक्षण करून चुकीच्या निष्कर्षावर जातात. निलंबनासाठी खडूची पूड आणि माती. कलिलासाठी दुधाचे दोन-तीन थेंब 100 मिलिलिटर पाण्यात आणि उकळलेलं स्टार्च. स्टार्च आधी थोड्या गार पाण्यात कालवून घ्यायचं, मग उकळत्या पाण्यात ओतून ढवळायचं, नाहीतर गुठळ्या होतात. 100 मिलिलिटरला एक ग्रॅम पुष्कळ झालं. शिवाय एका भांड्यात तेच स्टार्च, तेवढंच, पण गार पाण्यात नुसतं ढवळून ठेवा. हे भांडं पुढे फार कामाला येतं.

तासाच्या सुरुवातीलाच प्रत्येक नमुन्याची एक परीक्षानळी ढवळून स्टँडला लावून टाका आणि तिला कुणी हात लावायचा नाही असं बजावा. खाली बसण्याची चाचणी वेळ खाते, आणि ती शेवटी ठेवली तर घंटा होते तेव्हा खडूसुद्धा नीट बसलेला नसतो.

पहिली चाचणी प्रकाशाची. खोली जमेल तेवढी अंधारी करा, भांड्यामागे काळा कागद लावा. झोत एका बाजूने आत जाऊ द्या आणि बघणाऱ्याने काटकोनात उभं राहायचं. हे काटकोनाचं मुलांना प्रत्येक वेळी सांगावं लागतं, कारण सगळ्यांची पहिली ऊर्मी झोतासमोर डोळा लावायची असते. लेझर पॉइंटर वापरणार असाल तर 1 मिलिवॉटपेक्षा कमी शक्तीचा, आणि तो शिक्षकाच्याच हातात. काचेवरून परावर्तित झालेला किरणही डोळ्यात जाऊ नये. मला स्वतःला मोबाइलचा टॉर्च जास्त आवडतो. काळ्या कार्डाला बारीक भोक पाडून ते त्यावर लावलं की झोत अरुंद मिळतो, आणि पांढरा प्रकाश असल्यामुळे रंगातला फरकही दिसतो. लेझरमध्ये तो मिळत नाही.

साखरेच्या पाण्यातून झोत जातो पण वाट दिसत नाही. पातळ केलेल्या दुधात तीच वाट उजळून निघते. कलिलातले कण प्रकाश बाजूला विखुरतात, म्हणून. हा टिंडल परिणाम. खिडकीतून आलेल्या कवडशात धूळ दिसते तेव्हा मुलांनी तो कितीदा पाहिलेला असतो, फक्त नाव माहीत नसतं. इथे दोन-तीन ठिकाणी फसगत होते. नळातून नुकत्याच काढलेल्या पाण्यात हवेचे बुडबुडे असतात, ते झोतात ठिणग्यांसारखे चमकतात. मुलांना सुटे चमकणारे ठिपके आणि सलग उजळलेली पट्टी यांतला फरक दाखवा. ठिपके म्हणजे बुडबुडे किंवा धूळ, पट्टी म्हणजे कलिल. ओरखडे असलेल्या काचेवर झोत आत शिरतो तिथेच मोठा डाग दिसतो, तो मोजायचा नाही. आणि एखादा हुशार विद्यार्थी हायलायटरची शाई पाण्यात टाकून आणेल, जांभळा किंवा निळा प्रकाश सोडेल आणि हिरवी पट्टी दाखवून तुम्हाला कोड्यात पाडेल. ते विकिरण, म्हणजे प्रकाशाचं विखुरणं, नव्हे; ती प्रतिदीप्ती, म्हणजे शाई एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा सोडते. ओळख सोपी आहे: पट्टीचा रंग झोताच्या रंगापेक्षा वेगळा आहे. तोच नमुना लाल लेझरखाली धरला की पट्टी गायब.

निव्वळ दुधात टिंडल परिणाम दाखवायला जाऊ नका. कण इतके दाट असतात की प्रकाश पुन्हापुन्हा विखुरतो आणि वाट म्हणून काही उरतच नाही, सगळं भांडं पांढरं.

आता स्टँडला लावलेल्या नळ्यांकडे वळा. खडूचा भरड भाग एव्हाना तळाला गेलेला असतो. गार पाण्यातलं स्टार्च बसत आलेलं असतं, उकळलेलं तसंच राहतं. मातीची नळी मात्र सगळ्यांत बोलकी असते, कारण तिच्यात सगळ्या आकाराचे कण आहेत. कण निम्म्या व्यासाचा झाला की तेवढंच अंतर खाली यायला त्याला चौपट वेळ लागतो. मातीतला 20 मायक्रोमीटरचा कण 10 सेंटिमीटर पाण्यातून पाचेक मिनिटांत खाली येतो, 2 मायक्रोमीटरच्या कणाला आठेक तास लागतात. व्यास दहावा, वेळ शंभरपट. हे गणित फळ्यावर करून घ्या. ‘थोड्या वेळाने बसतं’ या ढोबळ वाक्याला त्यामुळे हाडं येतात, आणि ‘किती वेळ थांबायचं, सर?’ या नेहमीच्या प्रश्नालाही उत्तर मिळतं. त्याहून पुष्कळ लहान कणांना पाण्याचे रेणू चहूबाजूंनी सतत धक्के देत राहतात आणि ते खाली बसतच नाहीत. मायकेल फॅरडेने 1850 च्या दशकात केलेली सोन्याची माणकासारखी लाल कलिलं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही रंग टिकवून आहेत, हे सांगितलं की वर्गात थोडी कुजबुज होते. सोनं, आणि लाल?

गाळणीची चाचणी मुलांना येते असं आपण धरून चालतो. बहुतेकांना येत नाही. गाळणकागदाची चौघडी घालून शंकू करा, नरसाळ्यात बसवल्यावर पाण्याने ओला करून चिकटवा, काचकांडीवरून ओता, आणि द्रव कागदाच्या काठाच्या खालीच ठेवा. काठावरून वाहिलेला थेंब सगळ्या प्रयोगावर पाणी फिरवतो. खडूचं पाणी गाळताना पहिले थेंब पुष्कळदा गढूळ येतात. ते पुन्हा त्याच कागदावर ओता, दुसऱ्यांदा स्वच्छ येतं.

गाळून आलेलं हे स्वच्छ पाणी फेकू नका. बाष्पनपात्रात थोडं आटवा, तळाशी पांढरं कडं उरतं. फळ्याचे खडू बहुधा जिप्समचे असतात आणि जिप्सम एका लिटर पाण्यात दोन ग्रॅमच्या थोडं वर विरघळतं. म्हणजे ज्याला आपण तासभर ‘खडूचं निलंबन’ म्हणत होतो त्यात एक द्रावणही लपलेलं होतं. ‘मग आता हे काय म्हणायचं?’ असं एखाद्या मुलीने विचारलं तर लगेच उत्तर देऊ नका, वर्गाला भांडू द्या.

कलिल गाळणकागदातून पार होतं हे दाखवायला दूध नको. स्निग्धांशाने कागद तुंबतो, थेंब थेंब पडत राहतात आणि मुलं म्हणतात की अडलं. उकळून गार केलेलं स्टार्च पातळ करून गाळा आणि खाली आलेल्या पाण्यात आयोडीनचा एक थेंब टाका. गर्द निळा. स्टार्च कागदातून खाली उतरल्याचा हा डोळ्यांदेखतचा पुरावा. पाणी पुरतं गार झालेलं हवं, गरम असेल तर निळा रंग उमटत नाही आणि तुम्ही उगाच आयोडीनच्या बाटलीला दोष द्याल. आता ते दुसरं भांडं घ्या, गार पाण्यात नुसतं ढवळलेलं. बहुतेक दाणे कागदावरच राहतात, आणि खालच्या पाण्यात रंग फिका येतो, कधी नावालाच. पदार्थ तोच, पाणी तेच, वजन तेच. एक निलंबन, एक कलिल. यानंतर ‘स्टार्च म्हणजे काय, सर, कलिल की निलंबन?’ असं विचारणारं मूल स्वतःच मधे थांबतं.

याच्या पुढचा एक प्रयोग आहे, आणि वेळ कमी असेल तर बाकीचं आखडतं घ्या पण हा सोडू नका. लिटरला 40 ग्रॅम या प्रमाणात सोडिअम थायोसल्फेटचं द्रावण करा. त्यातलं 10 मिलिलिटर घेऊन 40 मिलिलिटर पाणी घाला आणि सपाट बाजूंच्या काचेच्या भांड्यात ओता. एका बाजूने पांढऱ्या टॉर्चचा झोत, दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा. सुरुवातीला झोताची वाट दिसत नाही, पुठ्ठ्यावर स्वच्छ पांढरा डाग. द्रावण आहे. आता 2 मोलार हायड्रोक्लोरिक आम्ल 5 मिलिलिटर घाला, ढवळा आणि गप्प राहा. थोडा वेळ काहीच होत नाही. मुलं चुळबुळ करायला लागतात. मग पाण्यात अगदी फिकट निळसर छटा उतरते, झोताची वाट उमटते, आणि पुठ्ठ्यावरचा डाग पिवळट होतो. गंधकाचे कण जन्माला येऊन वाढताहेत. ते अजून इतके लहान आहेत की निळा प्रकाश जास्त विखुरतात, तांबडा सरळ जाऊ देतात. डाग नारिंगी होतो, मग तांबूस. भांड्यातला निळसरपणा हळूहळू दुधाळ होतो, कारण कण मोठे झाले की ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. शेवटी डाग विझतो. भांडं एका बाजूला ठेवलं तर दुसऱ्या दिवशी तळाला फिकट पिवळा थर. द्रावण, कलिल, निलंबन एकाच भांड्यात, ओळीने.

यात सल्फर डायऑक्साइड वायू तयार होतो, थोडाच, पण घसा धरायला पुरेसा. डोळ्यांना चष्मा, खिडक्या उघड्या, भांड्याशी नाक न्यायचं नाही. दम्याचा त्रास असलेल्या मुलांना लांब बसवा. हा प्रयोग शिक्षकानेच करून दाखवावा, गटागटांना वाटू नये. बघून झालं की मिश्रण सोडिअम कार्बोनेटच्या द्रावणात ओता, वायू थांबतो. थर दाखवायचाच असेल तर थोडंसं मिश्रण झाकण लावलेल्या नळीत ठेवा. मोरचुदाचं पाणीही सिंकमध्ये नको, वेगळ्या बाटलीत साठवा.

तुरटीचा प्रयोग मी जोडीला घेतो, तो पटकन होतो. बराच वेळ ठेवूनही वरचं पाणी गढूळच राहिलेली मातीची नळी घ्या, चिमूटभर तुरटी घाला, हलवा. मातीच्या बारीक कणांवर ऋण प्रभार असतो, तो त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. तुरटीतून येणारा ॲल्युमिनिअमचा त्रिप्रभारी आयन तो निष्प्रभ करतो, कण चिकटून मोठे होतात आणि बसतात.

वहीत ‘निष्कर्ष’ आधीच छापल्यासारखा लिहून येतो, म्हणून मी नोंदीची पद्धत बदलून घेतली. आधी अंदाज, तो पेनने, खोडायचा नाही. मग तीन निरीक्षणं: झोत दिसला का, तळाला काही बसलं का, कागदावर काही उरलं का. नाव सगळ्यांत शेवटी. एका चाचणीवर नाव ठरवायला माझी सक्त मनाई आहे. झोत निलंबनातही दिसतो, गाळणकागदातून द्रावणही जातं आणि कलिलही.

चाचणी परीक्षेला मी लेबल नसलेल्या बाटल्या देतो. त्यांत एक नेहमी असते ती रात्रभर ठेवलेल्या मातीच्या पाण्याची, न हलवता. वरच्या पाण्यात झोत दिसतो, ते कागदातून जातं, पुढच्या तासालाही बसत नाही. तळाचा गाळ हलवला की पुन्हा बसतो आणि कागदावर अडतो. ज्याने दोन्ही थर वेगवेगळे तपासून दोन उत्तरं लिहिली, त्याला पूर्ण गुण. एकच नाव लिहिणाऱ्याला निम्मे, ते नाव कोणतंही असो.