चार सर्व्हरांचा सामाईक साठा: आभासीकरणाची आखणी कशी करावी

अमेरिकेतील एनआयएसटी या मानकसंस्थेने २०११ साली क्लाउडची पाच आवश्यक वैशिष्ट्ये सांगितली. संसाधनांचा सामाईक साठा हे त्यांपैकी एक असून, असा साठा उभारताना सर्वांत आधी मेमरीचा हिशेब करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रोसेसरचा वेळ अनेक आभासी यंत्रांना, म्हणजे एकाच सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या स्वतंत्र संगणकांना, आळीपाळीने देता येतो, पण मेमरीचे तसे नसते. एका यंत्राने व्यापलेली जागा ते सोडेपर्यंत दुसऱ्याला मिळत नाही.

प्रत्येक सर्व्हरच्या बायोसमध्ये (यंत्र सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रणालीत) आभासीकरणाची सोय सुरू आहे का, हे प्रथम तपासावे. इंटेलच्या प्रोसेसरवर ती व्हीटी-एक्स आणि एएमडीवर एएमडी-व्ही या नावाने आढळते. त्यानंतर हायपरव्हायजर, म्हणजे आभासी यंत्रे चालवणारे सॉफ्टवेअर, बसवावा. लिनक्सच्या कर्नलमध्ये २००७ पासून केव्हीएम हा हायपरव्हायजर अंतर्भूत असल्यामुळे तो निवडणे सोयीचे ठरते.

आता हिशेब. समजा, प्रत्येकी ३२ कोअर आणि २५६ जीबी मेमरी असलेले चार सर्व्हर आहेत. एक बंद पडला तरी काम चालू राहावे म्हणून क्षमता तीनच सर्व्हरांची धरावी, आणि प्रत्येकावर १६ जीबी हायपरव्हायजरसाठी राखून ठेवावी. उरलेल्या ७२० जीबीमध्ये प्रत्येकी ८ जीबीची ९० यंत्रे बसतात. प्रत्येकाला चार आभासी कोअर दिले, तर ९६ खऱ्या कोअरांवर ३६० आभासी कोअर येतात, म्हणजे प्रमाण पावणेचारास एक होते. बहुतेक यंत्रे बराच वेळ रिकामी असतील तर हे प्रमाण चालते. सतत गणना करणाऱ्या यंत्रांसाठी मात्र ते एकास एकच्या जवळ आणावे. आभासी यंत्राच्या आत ‘स्टील टाइम’ वाढत असेल, तर त्या यंत्राला प्रोसेसरसाठी ताटकळावे लागत आहे, असे समजावे.

मेमरी वाचवण्यासाठी केएसएम ही सोय सारख्या मजकुराची पाने (मेमरीचे छोटे ठरावीक तुकडे) एकत्र करते. परंतु परस्परांशी संबंध नसलेल्या ग्राहकांची यंत्रे एकाच सर्व्हरवर असतील, तर ही सोय बंदच ठेवावी, कारण पान एकत्र झाले आहे की नाही हे लिहिण्यास लागणाऱ्या वेळेवरून शेजारच्या यंत्राला ताडता येते.

डिस्कच्या बाबतीत, प्रत्यक्ष जागेपेक्षा अधिक जागेचे आश्वासन देणारी ‘थिन प्रोव्हिजनिंग’ पद्धत वापरल्यास साठा भरत आल्याची सूचना वेळेवर मिळेल अशी व्यवस्था अवश्य करावी. साठा पूर्ण भरला की त्यावरील यंत्रांचे लेखन एकदमच अडते.

चालू यंत्र एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवता यावे म्हणून सर्व सर्व्हरांना मान्य होईल असे एकच प्रोसेसर-मॉडेल यंत्रांना द्यावे. शेवटी, साठा वापरात आणण्यापूर्वी एक सर्व्हर मुद्दाम बंद करावा आणि नव्वदही यंत्रे उरलेल्या तिघांवर पुन्हा सुरू होतात का, हे प्रत्यक्ष मोजून पाहावे.