भिंगाची गणितं: आधी चिन्हं, मग आकडे

दहावीच्या परीक्षेआधी भिंगाच्या धड्याची उजळणी करताना सूत्र पाठ असूनही उत्तर चुकतं, ते बहुतेक वेळा चिन्हामुळे. वस्तू डावीकडे धरतो, म्हणून वस्तूचं अंतर (यू) नेहमी ऋण. बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर (एफ) धन, अंतर्गोलचं ऋण. गणित वाचल्यावर पहिल्या ओळीत चिन्हांसकट किमती लिहा, सूत्र त्यानंतर.

समजा बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर २० सेमी आणि वस्तू ३० सेमीवर आहे. भिंगाचं सूत्र १/व्ही − १/यू = १/एफ (व्ही म्हणजे प्रतिमेचं अंतर). यू = −३० घातलं की १/व्ही = १/२० − १/३० = १/६०, म्हणजे प्रतिमा ६० सेमीवर, उलटी आणि दुप्पट मोठी. यू धन घेतलात तर उत्तर १२ सेमी येतं, आणि ते दिसायला अगदी बरोबर वाटतं! म्हणून किरणाकृतीची कच्ची रेघ ओढाच. वस्तू २० आणि ४० सेमीच्या (नाभीय अंतर आणि त्याची दुप्पट यांच्या) मध्ये असेल तर प्रतिमा ४० च्या पलीकडेच हवी. १२ तिथेच बाद होतं.

आरशाच्या सूत्रात मात्र बेरीज असते, दोन्ही सूत्रं शेजारी लिहून ठेवा. भिंगाची शक्ती काढताना २० सेमीचे आधी ०.२ मीटर करा, मग १ ला त्याने भागा: उत्तर ५ डायॉप्टर (शक्तीचं एकक).