वस्तीच्या सभेत आरोग्य आणि पोलिसांविषयीचे प्रश्न कसे मांडावेत

सभेच्या दोन-तीन आठवडे आधीपासून एक वही ठेवावी आणि घडलेली गोष्ट त्याच दिवशी तीत टिपून ठेवावी. ‘आमच्याकडे सुरक्षितता उरली नाही’ या वाक्यावर अधिकारी सहानुभूतीने मान डोलावतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. परंतु ‘रात्री सव्वाअकरा, बसथांब्यामागचा दिवा बंद, मोबाइल हिसकावला’ अशा चार नोंदी समोर ठेवल्या, तर गस्तीची वेळ बदलण्याविषयी नेमके बोलता येते.

शक्य असल्यास या नोंदी नकाशावर ठिपक्यांनी दाखवाव्यात. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात डॉ. जॉन स्नो यांनी कॉलऱ्याचे मृत्यू नकाशावर मांडले, तेव्हा ते ब्रॉड स्ट्रीटवरील पिण्याच्या पाण्याच्या एका पंपाभोवती दाटलेले दिसले. तिथले पाणी कोणी वापरू नये म्हणून त्या पंपाचा दांडा मात्र नकाशा प्रसिद्ध होण्यापूर्वीच, स्नो यांच्या चौकशीच्या आधारे, काढण्यात आला होता.

दवाखान्याविषयी विचारताना डॉक्टरांच्या वागणुकीपासून सुरुवात करू नये, कारण चर्चा तिथेच अडकते. तपासणीची वेळ किती दिवसांनी मिळते, कोणते पद रिक्त आहे, संध्याकाळी कोण उपलब्ध असते, हे आधी विचारावे.

भर सभेत रुग्णाचे नाव किंवा शेजाऱ्यावरील संशय उच्चारू नये. तसे काही असल्यास संबंधित अधिकाऱ्यास स्वतंत्रपणे भेटावे.

उठण्यापूर्वी प्रत्येक आश्वासनापुढे जबाबदार व्यक्तीचे पद आणि मुदत इतिवृत्तात लिहून घ्यावी. ‘लवकरच’ हा शब्द मुदत म्हणून स्वीकारू नये.