पंचवीस वर्षांनी ऑफिसला सायकलने? या चुका टाळा

कॉलेजात असताना बडोद्याच्या दांडिया बाजारातून फॅकल्टीपर्यंत रोज सायकल चालायची. मग स्कूटर आली, नोकरी लागली, पोट सुटलं. गेल्या दिवाळीनंतर पुन्हा सायकल घ्यायचं मनावर घेतलं, दुकानात गेलो आणि पहिल्या वीस मिनिटांत करता येतील तेवढ्या चुका करून बाहेर आलो. माझं ऑफिस मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत), म्हणजे एका बाजूचे आठेक किलोमीटर. त्या चुका रोज सोळा किलोमीटर भोगल्या, म्हणून सांगतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दिसायला दणकट ती घेणं. जाड टायर, पुढे सस्पेन्शन, एकवीस गिअर. "रस्ते बघताय ना साहेब, हीच घ्या," असं दुकानदार म्हणाला आणि मला ते पटलं. पहिल्या दिवशी राजमहाल रोडवर टायरांचा घूंऽऽ आवाज सुरू झाला तो मकरपुऱ्यापर्यंत. मागून कुणीतरी कॅरिअर धरून ठेवलंय असं वाटत होतं, आणि कॅरिअर तर नव्हतंच! त्या टायरांवरचे उंचवटे चिखलात पकड यावी म्हणून असतात. डांबरावर ते नुसते दबतात आणि पायातली ताकद खातात. स्वस्तातलं सस्पेन्शनही तसंच. सायकलीचं वजन वाढवतं, आणि उठून जोर लावला की जोर चाकाकडे जाण्याऐवजी स्प्रिंग खालीवर होते. खड्ड्यांना खरा इलाज साधारण दीड इंच रुंदीचा, गुळगुळीत, नीट हवा भरलेला टायर. माझं वजन ऐंशीच्या घरात आहे, मी हवेचा दाब पन्नासेक पीएसआय ठेवतो. टायरच्या बाजूला कमाल आकडा छापलेला असतो, त्याच्या वर मात्र जायचं नाही.

गिअरचंही तेच. बडोद्यात चढ आहे कुठे? माझ्या अख्ख्या रस्त्यात लालबागचा पूल तेवढा एक चढ. एकवीसपैकी मी तीन वापरतो, बाकीचे अठरा नुसते हिंडतात. आठ-दहा किलोमीटरपर्यंत साधी बिनगिअरची सायकल पुरते. ती जड वाटली तर मागचं फ्रीव्हील (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) बदलून दोन दाते जास्त असलेलं टाकायला सांगा, म्हणजे अठराचं असेल तर वीसचं. वेग थोडा जातो, गुडघे वाचतात. गिअर हवेच असतील तर पुढे एक चक्र आणि मागे सहा-सात चक्रांची थप्पी, याहून जास्त नको.

माझ्यासारखी जाड टायरवाली घेऊन बसला असाल तर विकू नका. टायर बदला. फक्त इथे एक सापळा आहे. "सव्वीसचा टायर द्या" एवढंच सांगितलं तर चुकीचा हातात पडू शकतो. २६ × १.७५ आणि २६ × १⅜ हे दोन्ही सव्वीसच म्हणवतात, पण एकाच्या रिमचा व्यास ५५९ मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ५९०. एकमेकांच्या रिमवर ते बसत नाहीत. जुन्या टायरवर ४७-५५९ असा बारीक आकडा असतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो दाखवूनच टायर घ्या.

सायकल आपल्या मापाची आहे का ते बघायचं तर ती दोन पायांत घेऊन जमिनीवर सपाट उभं राहायचं. मधल्या दांडीच्या वर दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे. नंतर निदान एक किलोमीटर चालवून बघायची, तीही खड्ड्यातून. दुकानाच्या फरशीवर सगळ्याच सायकली छान वाटतात.

आता सीट. इतक्या वर्षांनी बसताना भीती वाटते, म्हणून दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी ती खाली घेतली जाते. मीही घेतली होती. आठवड्यात गुडघ्याची वाटी ठणकायला लागली आणि मी वयाला दोष देऊन मोकळा झालो. रावपुऱ्यात हवा भरायला थांबलो होतो, तिथल्या पोऱ्याने मला येताना पाहिलं होतं. "काका, सीट ऊंची करो ने!" असं म्हणत त्यानेच पाना लावला. मला वर बसवलं, पायडल अगदी खाली आणलं आणि त्यावर टाच ठेवायला सांगितली. टाच ठेवून पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवडा पायडलवर आला की गुडघ्यात थोडासाच बाक राहतो. सीट जवळजवळ दोन इंच वर गेली. पुढच्या सिग्नलला मी पडता पडता वाचलो, पण चार दिवसांत वाटीचं दुखणं गेलं.

तेव्हापासून एक हिशेब ठेवलाय. गुडघा पुढून दुखला तर सीट खाली आहे, मागून दुखला तर वर. हाताला मुंग्या येत असतील तर सीटचं नाक खाली झुकलंय का ते बघा, नाहीतर हँडल लांब किंवा खाली असेल. दुखणं तरीही हटलं नाही तर मात्र डॉक्टरकडे. आणि बूड दुखतं म्हणून जेलचं गुबगुबीत कव्हर घेऊ नका. पंधरा मिनिटं बरं वाटतं, नंतर ते दबून भलतीकडेच टोचतं.

पैसे सगळे सायकलीतच संपवू नका. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, घंटी, पुढे-मागे दिवे आणि बऱ्यापैकी कुलूप लागतंच. डबा पाठीवरच्या सॅकमध्ये घेतला की शर्टाची पाठ ओली झालीच म्हणून समजा, म्हणून कॅरिअर हवंच. मडगार्डचं महत्त्व पहिल्या पावसात कळतं. अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या बोगद्यात, पाणी भरलं की तिथून जायचंच नाही, लांबून वळसा घ्यायचा. भिजलेली चेन त्याच संध्याकाळी पुसून दोन-चार थेंब तेल घालायचं. ग्रीस नाही आणि स्कूटरचं जुनं ऑइल तर मुळीच नाही, त्यात धूळ चिकटून त्याचा काचपेपर होतो. तेल देताना डिस्क ब्रेकच्या चकतीवर एक थेंबही उडू देऊ नका, ब्रेक किंचाळतो आणि लागतही नाही.

ट्यूबचा हवा भरायचा व्हॉल्वही घेतानाच विचारून घ्या. बारीक, वरून स्क्रूने बंद होणारा असेल तर पेट्रोल पंपावरची नळी त्याला लागत नाही. छोटं अ‍ॅडॉप्टर किल्लीच्या जुडग्यात ठेवा.

आणि जानेवारी. स्कूटरवाले हँडलला सळी बसवतात ती मांज्यासाठी, हे सगळ्यांना माहीत असतं. सायकलला कुणी बसवत नाही, कारण वेग कमी असतो, काय होणार? पुलावर मांजा बरोबर गळ्याच्या उंचीला येतो. पहिल्या आठवड्यापासून गळ्याला मफलर घट्ट गुंडाळतो. उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, आणि दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण, अशा १४ आणि १५ तारखेला, सायकल जिन्याखालीच असते.