चिआंग रायहून स्थानिक बसने सुवर्ण त्रिकोण: एका दिवसाची काटकसरीची सहल

थायलंड, म्यानमार आणि लाओस यांच्या सीमा जिथे भेटतात तो सुवर्ण त्रिकोण पाहायला महागडी सहल घेण्याची गरज नाही. चिआंग राय शहरातील जुन्या बसस्थानकावरून सकाळी लवकर चिआंग सेनची साधी बस धरावी. अंतर सुमारे 60 किलोमीटर असून प्रवासाला दीड तास लागतो. भाडे रोखीने द्यायचे असल्याने बाहतच्या लहान नोटा जवळ ठेवाव्यात. सीमाभागात तपासणी होते, म्हणून पासपोर्टही सोबत हवाच.

चिआंग सेनमध्ये उतरल्यावर घाई करू नये. मेकाँग नदीच्या काठी जुनी तटबंदी आणि विटांचे स्तूप अजून उभे आहेत. तटाबाहेरचे ‘वाट पा साक’ (थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे मंदिर) माझ्या मते सर्वांत सुंदर. नावाचा अर्थच ‘सागवनातील मंदिर’ असा असून सागाच्या सावलीत उभा असलेला तिथला नक्षीदार स्तूप निवांतपणे पाहावा.

तेथून सोप रुआक, म्हणजे प्रत्यक्ष सुवर्ण त्रिकोणाचे गाव, सुमारे 9 किलोमीटरवर आहे. तिथे सोंगथाव, म्हणजे मागे दोन बाकडी असलेली पिकअप गाडी, नेते. रुआक नदी मेकाँगला मिळते तो संगम खालून नीट उमगत नाही, त्यासाठी ‘वाट फ्रा थाट पू खाओ’ या मंदिराच्या टेकडीवर चढावे. इथले अफूच्या इतिहासाचे मोठे संग्रहालय सोमवारी बंद असते, त्यानुसार दिवस ठरवावा.

परतीची शेवटची बस दुपारनंतर लवकरच सुटते. तिची वेळ सकाळी उतरतानाच वाहकाला विचारून घ्यावी.