ठाण्याहून बाईकने स्पितीला जाताय? या चुका टाळा, आम्ही सगळ्या करून बसलोय

एप्रिल संपत आला की आमच्या वर्तकनगरच्या टपरीवर एक तरी ग्रुप मोबाईलवर मॅप उघडून बसलेला दिसतो. मनाली ते काझा (हिमाचलमधल्या स्पितीचं मुख्य गाव) २०० किमी, म्हणजे पाच-सहा तास, सकाळी निघू आणि दुपारचं जेवण काझात. मी कटिंग पीत ऐकतो, कारण हेच गणित आम्हीपण मांडलं होतं.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक ही, किलोमीटर मोजणं. अटल टनेल झाल्यापासून रोहतांग घाट चढावा लागत नाही हे खरं, पण पलीकडे कोकसरवरून ग्राम्फूला वळलात की रस्ता संपला समजा. तिथून बातलपर्यंत ५० किमीच्या आसपास अंतर आहे, त्यात गोटे, वाळू, चिखल आणि मध्ये मध्ये रस्त्यावरूनच वाहणारे नाले. तासाला १५ किमी पडले तरी खूप झालं.

आणि नाल्यांना घड्याळ असतं! ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो, दुपारनंतर पाणी वाढत जातं, म्हणून तिकडचे ड्रायव्हर पहाटेच निघतात. आम्ही मनालीत आरामात पराठे खाऊन निघालो आणि छत्रूच्या पुढच्या नाल्यावर अडीच वाजता पोचलो. पाणी गुडघ्याच्या वर, मातकट, आणि खालून दगड गडगडत जाताना ऐकू येत होते. आधी चालत जाऊन बघायचं असतं, फर्स्ट गिअर, एकसारखा थ्रॉटल, मध्ये थांबायचं नाही, हे सगळं आम्हाला पाठ होतं, केलं कोणीच नाही. मित्राची गाडी मध्यावर आडवी झाली, दोघातिघांनी ओढून बाहेर काढली आणि पठ्ठ्याने घाईघाईत सेल्फ मारला. टक्क असा एकच आवाज. इंजिनात पाणी गेलं होतं, पाणी काही दबत नाही, मग वाकतो तो पिस्टनचा दांडा, कनेक्टिंग रॉड. गाडी पिकअपमध्ये घालून मनालीला परत, भाडं किती पडलं ते विचारू नका.

पाण्यात बंद पडलेल्या गाडीचा सेल्फ मारायचाच नाही. इग्निशन ऑफ करा, ढकलत बाहेर आणा, एअर फिल्टर ओला आहे का बघा. ओला असेल तर प्लग काढा आणि मग सेल्फ फिरवा, प्लगच्या भोकातून पाणी पिचकारीसारखं उडतं, ते थांबेपर्यंत फिरवा. त्यासाठी प्लग पाना हाताशी हवा, आमचा सॅडलबॅगच्या तळाशी चड्ड्यांच्या खाली होता.

दुसरं उंचीचं. आपण समुद्रसपाटीची माणसं. मनाली २००० मीटरच्या आसपास, आणि पहिल्याच रात्री चंद्रताल तलावाजवळ मुक्काम म्हणजे ४२५० मीटर. डोकं ठणकतं, उलट्या होतात, आणि आपण म्हणतो थंडी बाधली असेल. थंडी नसते ती, उंची लागलेली असते, आणि वाढतच गेली तर औषध शोधत बसू नका, खाली उतरा. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) हवी तर निघायच्या आधी डॉक्टरला विचारून घ्या, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. त्यापेक्षा शिमल्याकडून जा ना, कल्पा, नाको, ताबो करत काझा, शरीराला हळूहळू सवय होते आणि मनाली-काझा रस्त्यावरचा कुंझुम घाट (४५५० मीटर) परतीच्या वाटेवर येतो.

गाडीलापण धाप लागते. तिथे हवा आपल्या इथल्यापेक्षा ४० टक्क्यांनी कमी, त्यामुळे कार्ब्युरेटरवाली गाडी पेट्रोल जास्त पिते, काळा धूर सोडते आणि चढावर ओढतच नाही, मग आपण अर्धा क्लच धरून चढवतो आणि क्लच प्लेट जळते. मागे बसलेल्याला सरळ उतरवा, चालू दे जरा.

प्रॅक्टिस म्हणाल तर घोडबंदरचे खड्डे धरू नका 😄 आणि येऊरला गाडी घालू नका, ते नॅशनल पार्क आहे. मुरबाडच्या बाजूला कच्चे रस्ते भरपूर आहेत, तिकडे पूर्ण सामान बांधून दोन रविवार काढा. सामान कुठे हलतं, सॅडलबॅग सायलेन्सरला कुठे टेकते, पडलेली गाडी एकट्याला उचलता येते का, सगळं तिथेच कळतं.

पेट्रोल मनालीकडून निघालात तर थेट काझाला, मध्ये पंप नाही, आणि अशा रस्त्यावर मायलेज चांगलंच पडतं, त्यामुळे जास्तीचं घ्या, पण पाण्याच्या बाटलीत नको, धड कॅन घ्या. कॅश ठेवा, ढाब्यावर नेटवर्क नसेल तर जीपे काय करणार. जादा क्लच केबल जुनीच्या बाजूनेच ओवून टेपने बांधून ठेवा, तुटली तर पाच मिनिटांचं काम. इंजिनचा केस दगडाने फुटला तर एम-सील कामाला येतं.

गाडी ट्रेनने पाठवणार असाल तर टाकी रिकामी करून देतात, उतरल्यावर पंपापर्यंत ढकलायची तयारी ठेवा.

यंदाच्या टपरीवरच्या ग्रुपने मनालीमार्गे १५ मेची तिकिटं काढलीत. बर्फाने बंद असलेला कुंझुम बऱ्याचदा जून उजाडल्यावरच उघडतो. मी काल त्यांना शिमल्याकडून जा म्हणालो, तर एकजण म्हणाला काका, मॅपवर मनालीचा रस्ता कमी दाखवतोय.